परळच्या तळ्यातला तीन नंबरचा लव्हाळा

दसरा होऊन चार दिवस झाले होते. दुपारी जेवून आडवा झालो आणि अनोळखी नंबरावरून फोन आला.

"सर, मी शोभाचा बाप बोलतोय. लालबागवरनं."

शोभा कोण हे आठवायला मला वेळ लागला. ही गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल फार बरं मत करून घेणार नाही.

शोभाताई परळच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होत्या. मी लव्हाळ्यांचा अभ्यासक, म्हणून सात-आठ वर्षांपूर्वी त्या मला मेल करायच्या. घराजवळच्या एका बंद गिरणीच्या आवारात पाणी साठून तळं झालं होतं आणि त्यातले लव्हाळे त्या सुट्टीच्या दिवशी, एकेका प्रकाराला नंबर घालून, जमवत होत्या. त्यातला तीन नंबरचा त्यांना वेगळा वाटला. त्यांनी तो नीट दाबून, वाळवून, पुठ्ठ्यात घालून पोस्टाने मला साताऱ्याला पाठवला. तेव्हा मी एका व्याख्यानाच्या गडबडीत होतो. पाकीट उघडलं, वरवर पाहिलं आणि एसटीत बसल्या बसल्या मोबाइलवर उत्तर लिहिलं: "शोभाताई, साधाच आहे. हौशी अभ्यासकांना प्रत्येक लव्हाळ्यात नवी जात दिसते, त्याला इलाज नाही." पुढे एक हसरा चेहरा टाकला. त्यानंतर त्यांची मेल आली नाही आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

"ती गेली दोन वर्षांमागं," फोनवर आबा सांगत होते. त्यांना सगळे आबाच म्हणतात. "डेंगी झाला. पाच दिवसांत आटपलं. शेवटी तापात पुन्हा म्हणायची, आबा, तीन नंबर वेगळा आहे. तिचे कागद घरात तसेच आहेत. मला काचबिंदू झालाय, एक डोळा गेला, दुसरा चाललाय. त्याच्याआधी एकदा येऊन बघता का? ती बरोबर होती का तुम्ही, एवढं मला कळलं की झालं."

येतो म्हणालो. खरं सांगायचं तर मी बरोबर आहे याची मला खात्री होती. म्हाताऱ्या माणसाला समजावून सांगू, दोन दिवस मुंबई होईल, असा माझा हिशेब होता.

या ब्लॉगवर बरेचजण लडाखसाठी येतात, त्यांच्यासाठी थोडं मागचं. गेल्या वर्षी चांगथांगच्या पाणथळ कुरणांत मी तीन दिवस पोटावर पडून होतो. तिथे लव्हाळ्यांच्या कुळातल्या दोन वनस्पती शेजारी शेजारी उगवतात आणि उभ्याने पाहिल्या तर एकच वाटतात. एकीचं बीज चारी बाजूंनी बंद पिशवीत असतं, दुसरीची पिशवी एका अंगाने उघडी असते. तेवढं बघायला मी धाप लागत असताना, नाक गळत असताना भिंग धरून बसलो होतो. त्या पोस्टवर तुम्ही फार कौतुक केलंत. लडाखला मी गेलो, पण परळ साताऱ्याहून एका दिवसाच्या वाटेवर असून तिथे कधी गेलो नाही.

पहिला दिवस: सातारा ते गिरगाव

साताऱ्याहून मुंबईला साध्या एसटीने जायचं तर पहाटेची गाडी धरा. तिकीट पाचशेच्या आतबाहेर. घाटात अडकला नाहीत तर दुपारी एकपर्यंत दादर येतं, मी अडकलो आणि तीन वाजले. ऑक्टोबरचं ऊन असं होतं की दादरला उतरल्यावर शर्ट पाठीला चिकटला तो रात्री अंघोळ केली तेव्हाच सुटला. लालबागला स्वस्तात राहायची सोय मला सापडली नाही, म्हणून गिरगावातल्या एका वाडीतला जुना लॉज घेतला. खोलीत खाट, पंखा, खिडकीतून समोरच्या घरातला टीव्ही. न्हाणीघर सामायिक आहे. चालणाऱ्याला चालेल, बायकामुलांना घेऊन जाऊ नका.

संध्याकाळी चक्कर मारताना काष्ठौषधींचं दुकान दिसलं आणि राहवलं नाही. नागरमोथा म्हणजे लव्हाळ्याचाच कंद, उटण्यात पडतो तो. दिवाळी तोंडावर असल्यामुळे दुकानात गर्दी होती. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "कुठला देऊ? दोन आहेत."

दोन्ही पोत्यांतला एकेक कंद मी हातात घेतला, मोडला, हुंगला. एक काळा, बुटका, भरपूर वासाचा. दुसरा लांबट आणि वासाला मंद.

"हे दोन एका जातीचे नाहीत," मी म्हणालो.

"गिऱ्हाईक नागरमोथा मागतं, आम्ही नागरमोथा देतो."

"पण जात वेगळी आहे. याची बारीक मुळं बघा, आणि ही गाठ..."

"काका," तो शांतपणे म्हणाला, "घ्यायचाय का परीक्षा घ्यायचीय? मागे लाइन लागलीय."

मागची बाई हसली. मीही हसलो, पन्नास ग्रॅम घेतला आणि बाहेर पडलो. तेव्हा मला अगदी बरं वाटत होतं. लोकांना फरक कळत नाही, आपल्याला कळतो, या खुशीत मी खानावळीत बसून बोंबील आणि भाकरी खाल्ली आणि झोपलो.

दुसरा दिवस: लालबाग

गिरगावातून लालबागला बसने जा. सकाळी दहानंतर जागा मिळते. उतरलात की मसाल्याच्या गल्लीतून जाऊ नका असं मी म्हणणार नाही, पण रुमाल हाताशी ठेवा. दिवाळी जवळ आली तरी मसाला कुटायचं काम सरलं नव्हतं. लोखंडी मुसळांचे डंक चालू होते आणि हवेत मिरची होती. चाळीच्या जिन्यापर्यंत पोचेतो मी सात-आठ वेळा शिंकलो.

आबा तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत खुर्ची टाकून वाट बघत बसले होते. काटकुळे, ऐंशीच्या पुढचे, धुतलेला पांढरा सदरा. आयुष्यभर गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम केलेले. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी केली. खोली एकच, पुढे पडवीसारखी जागा. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि त्यांच्या शेजारी शोभाताई. फोटोत त्यांच्या गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग होतं. चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"जय भीम सर. बसा. चहा घेणार की आधी कागद काढू?"

"आधी कागद," मी म्हणालो. लवकर आटपायचं माझ्या मनात होतं.

पलंगाखालून त्यांनी साड्यांचे दोन खोके ओढले. झाकण उघडलं तेव्हा आतून कापराचा वास आला. कीड लागू नये म्हणून आबा दर महिन्याला वड्या बदलत होते. आत वर्तमानपत्रांच्या घड्यांमध्ये पांढरे कागद आणि त्यांवर शिवलेले लव्हाळे. हो, शिवलेले. आम्ही पट्ट्यांनी चिकटवतो, शोभाताईंनी पांढऱ्या दोऱ्याने टाके घातले होते, इतके बारीक की आधी दिसलेच नाहीत.

"टाके मी घालायचो," आबा म्हणाले. "तिला जमायचं नाय. धागा आपल्या हातातला."

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लव्हाळा गवतासारखा दिसतो पण गवत नाही. काडी चिमटीत धरून फिरवा. गवताची गोल फिरते, लव्हाळ्याची बहुधा तीन कडांनी बोटांना अडते. इथपर्यंत कुणालाही जमतं. एक लव्हाळा दुसऱ्यापासून वेगळा काढायचा म्हटलं की रंग, उंची, पानं सगळं फसवतं, कारण एकच जात चिखलात वीतभर आणि पाण्यात कमरेएवढी होते. शेवटी उरतं ते बीज. खसखशीहून जरा मोठं असतं. ते तिधारी आहे की चपटं, आणि फुलाच्या टोकाला धागे तीन आहेत की दोन, हे पाहावं लागतं. धागे लवकर गळतात. बीज कोवळं असेल तर तिधारी आणि चपटं सारखंच दिसतं. म्हणून बीज पिकल्याशिवाय नाव द्यायचं नाही.

हा नियम मीच याच ब्लॉगवर लिहिला होता. शोभाताईंनी त्याची प्रिंट काढून खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवली होती. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात त्यांच्या गोल अक्षरात नंबर, जागा, तारीख आणि खाली "बीज पाहिले" किंवा "बीज पाहिले नाही". जिथे पाहिलं नव्हतं तिथे नावाची जागा कोरी.

तीन नंबरचे कागद वरच दोन मिळाले, तेवढेच असतील असं मी धरलं. एक मला पाठवला होता, त्याच दिवशीचे हे दोन. काढून पाहिले. कणसं कोवळी, धागे गळालेले. यावरून काहीही सांगता येत नव्हतं. मला पाठवलेलाही याच दिवशीचा, म्हणजे तोही असाच असणार. तरी मी एसटीत बसून "साधाच आहे" लिहिलं होतं.

"यावरून कळत नाही आबा," मी म्हणालो. मला थोडं हायसंही वाटलं, कबूल करतो. कळत नाही म्हणजे कुणीच चुकलं नाही, असं म्हणून उठता आलं असतं.

"तिसरा बघितला का?"

"तिसरा?"

"तीन कागद आहेत तीन नंबरचे. मला मोजता येतात सर, बोटांनी."

खोक्याच्या अगदी तळाशी तो होता. यावर टाके नव्हते, सुटा ठेवलेला. तारीख नोव्हेंबरची, माझी मेल गेल्यानंतर साधारण महिन्याची. कणसं पिकून तांबूस झालेली. कोपऱ्यात कागदाची पुडी आणि त्यावर लिहिलेलं: "बीज पाहिले". नावाची जागा तरीही कोरी होती.

पुडी पांढऱ्या कागदावर रिकामी केली. भिंग डोळ्याला लावलं. पहिलं बीज चपटं होतं. एखादं दाबलं गेलं असेल म्हणून दुसरं पाहिलं. मग एकेक करत सगळी पाहिली, सुईने कुशीवर वळवून पाहिली. मग कागदावरच्या कणसाच्या शेंड्यावरून, धागे अजून टिकलेलं एक फूल काढून कपभर गरम पाण्यात भिजत टाकलं, दहा मिनिटं थांबलो आणि उलगडलं. टोकाला धागे दोन. आणखी तीन फुलं उलगडली. दोन, दोन, दोन. जी जात साधी म्हणून मी सांगितली होती तिला तीन असतात.

"किती धारा सर?" आबांनी विचारलं. हा प्रश्न त्यांना लेकीने शिकवला होता हे उघड होतं.

"बघता का?" मी भिंग पुढे केलं. त्यांनी ते चांगल्या डोळ्याला लावलं, मी खाली बीज धरलं. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले.

"नुसता उजेड दिसतोय. तुम्हीच सांगा."

त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं जे बघू शकलं असतं. क्षणभर माझ्या जिभेवर 'तीन' आलं होतं. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतो. तीन म्हटलं असतं तर म्हातारा बिचारा मान हलवून चहा टाकायला उठला असता आणि मी दुपारच्या गाडीने घरी.

"तीन नाहीत आबा. चपटं आहे. धागेही दोनच आहेत. शोभाताई बरोबर होत्या."

त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी भिंग सदऱ्याला पुसून माझ्या हातात परत ठेवलं. खालून डंकाचा आवाज येत होता.

"तुमचं उत्तर आलं तवा तिनं मला वाचून दाखवलं," ते म्हणाले. "मी काय म्हणलो सांगू? म्हणलो, एवढा शिकलेला माणूस सांगतोय, तू कोण? तू लॅबमधी बाटल्या धुतेस. बस कर आता. असं म्हणलो. त्याच्यानंतर खोका पलंगाखाली गेला. मला वाटलं, बरं झालं, नाद सुटला."

मी कागदावरची बीजं पुडीत परत भरू लागलो.

"म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही तीन म्हणला असता तर मी सुटलो असतो."

तेवढ्यात शेजारच्या सुमनवहिनी ताटं घेऊन आल्या. वेंगुर्ल्याकडच्या, शोभाताईंच्या वयाच्या. बांगड्याचं तिखलं आणि भात. मला भूक नाही म्हणालो तर त्यांनी ताट समोर ठेवलंच. "जेवल्याशिवाय मी सोडूचंय नाय तुमका," म्हणाल्या. मग पसरलेले कागद आणि आमचे चेहरे पाहून त्यांनी विचारलं, "तो नोव्हेंबरातलो गावलो काय?"

आबांनी मान वर केली. "तुला काय माहीत?"

"मीच गेलंय तिच्यावांगडा. आबांक सांगू नको म्हणाली, म्हणान नाय सांगलंय."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. माझं उत्तर आल्यावर महिनाभराने, एका रविवारी सकाळी बाजाराला जातो म्हणून दोघी निघाल्या आणि पडक्या भिंतीच्या फटीतून आत शिरल्या. तोवर आवारात पत्रे लागले होते, मशीन आलं होतं. शोभाताई गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि काठावरच भिंगातून बघून मोठ्याने हसल्या. ते हसणं वहिनींना आठवत होतं. सरांना पाठवते म्हणाल्या होत्या. मग आठवड्यामागून आठवडे गेले. वहिनींनी एकदा विचारलं तर म्हणाल्या, जाऊ दे, परत कशाला त्यांना त्रास.

का पाठवलं नाही याचा मी पुष्कळ विचार केला आहे. विचार करण्यासारखं त्यात काही नाही. माझ्या उत्तरानंतर मीसुद्धा पाठवलं नसतं.

ताटातलं सगळं संपवलं. वहिनी उभ्याच होत्या.

तिसरा दिवस: परळ आणि कॉटन ग्रीन

सकाळी आबांनीच जागा दाखवतो म्हणून हट्ट धरला. टॅक्सीने दहा मिनिटं. चालत जाण्याएवढं अंतर आहे, पण त्यांना नुसत्या उजेडावर रस्ता ओलांडवत नाही.

तिथे आता टॉवर आहे. कुठला ते लिहीत नाही, त्या भागात एकासारखे दुसरे बरेच आहेत. गेटच्या दोन्ही बाजूंना मोठ्या कुंड्या आणि कुंड्यांत हिरव्या काड्यांवर छत्रीसारखी पसरलेली पानं. मी थबकलो. आबांनी हात पुढे करून काडी चाचपली.

"हा पण लव्हाळाच ना?"

"हो. बाहेरदेशचा. शोभेसाठी लावतात."

"कडा नायत याला."

"फार कमी असतात."

"अंकल, हात नही लगाने का," गेटवरचा वॉचमन पुढे आला. "किधर जाना है?"

"इधर तालाब था," आबा म्हणाले. "मिल का पानी. वो कोपऱ्यात."

वॉचमनने कोपऱ्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. "उधर तो पार्किंग है बाबा. तीन माला नीचे तक."

आबा थोडा वेळ त्या दिशेला तोंड करून उभे राहिले. त्यांना किती दिसत होतं कोण जाणे. वॉचमनने स्वतःची प्लास्टिकची खुर्ची दिली, ते बसले नाहीत. टॅक्सी करून मी त्यांना परत घरी सोडलं.

दुपारी मी एकटा कॉटन ग्रीनला गेलो. एका तळ्यात होता म्हणजे जवळपास कुठेतरी असेल, पक्ष्याच्या पायाला लागून बी गेलं असेल, असं मनाला समजावत होतो. गोदामांच्या मागे गटारांच्या कडेला, फाटकाजवळच्या डबक्यात, पुढे शिवडीच्या खाडीकडच्या चिखलाच्या काठाने, जिथे जिथे ओल दिसली तिथे वाकलो. तुम्ही जाणार असाल तर गुडघ्यापर्यंतचे बूट न्या, काचा फार आहेत, आणि पाण्याला जो वास आहे तो कपड्यांतून दोन धुण्यांत जात नाही. लव्हाळे भरपूर मिळाले. कंदवाला नेहमीचा, पांढऱ्या गोंड्याचा बुटका, खाऱ्या चिखलातला जाड काडीचा. बीज काढून काढून माझी नखं काळी झाली. सगळी तिधारी, किंवा चपटी असली तर भलत्याच जातीची. तीन नंबर मिळाला नाही.

एका गोदामाच्या सावलीत हमाल जेवून बसले होते. त्यातल्या एकाने हाक मारली, "काय हरवलं काय काका? चावी?"

"लव्हाळा शोधतोय."

तो हसला. "तो काय, सगळीकडे तोच आहे. बघा तुमच्या पायाखाली."

चारपर्यंत शोधलं. मग गुडघे वाकेनात.

संध्याकाळी आबांकडे निरोप घ्यायला गेलो. तिसरा कागद एका संग्रहालयात कायमचा जमा करायचा, तिथे दुसरे जाणकार तो तपासतील, असं ठरवलं होतं. जातीचं नाव मी इथेही देत नाही, त्यांचं उत्तर येऊ दे. जुन्या याद्यांत मुंबईतून ती नोंदलेली आहे, अलीकडे कुणाला मिळाल्याचं मला माहीत नाही. जमा करायच्या कागदावर चिठ्ठी लावावी लागते. मी ती लिहायला बसलो. आबा शेजारी सुईत दोरा ओवून बसले होते. तो कागद तेवढा शिवायचा राहिला होता आणि ते बोटांनी काडी चाचपत टाके घालत होते. माझ्याकडून एकदाही मदत घेतली नाही.

"काय काय लिहिता?"

"जागा, तारीख. गोळा करणाऱ्याचं नाव, शोभाताईंचं. आणि ओळखणाऱ्याचं."

"तिथं कुणाचं येतं?"

"ज्यानं ओळखलं त्याचं. पुढे दुसरे कुणी तपासतील त्यांचंही लागेल."

"ते लागू दे. तुमचं नको." टाका ओढत ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "राग नाय सर. तुम्ही आलात, खरं सांगितलं. पण तुमचं नाव तिच्या कागदावर नको."

दोन्ही ओळींत मी शोभाताईंचं नाव लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.

घरी

येऊन तीन आठवडे झाले. अशा पोस्टच्या शेवटी मी एकूण खर्च आणि काय बघावं, काय टाळावं ते देतो. खर्च तीन दिवसांचा साडेचार हजारांत बसला. तळं बघायला जाऊ नका, ते नाही. लालबागचा मसाला जरूर घ्या. लव्हाळे बघायचे तर पावसाळा संपल्यावर, कणसं तांबूस झाल्यावर जा, दहापट मोठं दाखवणारं भिंग न्या, आणि कोवळ्या कणसावर कुणी छातीठोकपणे नाव सांगितलं तर त्याचं मानू नका. मी असलो तरी.

आल्यावर पहिले चार दिवस मी काहीच केलं नाही. मग जुन्या मेल उघडल्या. फोटो पाठवून, नमुने पाठवून मला नाव विचारणारे लोक किती होते हे मलाच माहीत नव्हतं. शिक्षक, पोस्टात काम करणारे, एक एसटीचे वाहक, घरी बसून गॅलरीतलं गवत बघणाऱ्या एक आजी. सगळ्यांना मी उत्तरं दिली होती, आणि पटकन दिली होती याचा तेव्हा मला अभिमान होता. फोटो पुन्हा पाहिले. निम्म्याहून जास्त ठिकाणी बीज दिसतच नाही. तरी खाली मी नाव सांगितलेलं आहे, खात्रीने, कुठे कुठे विनोदासह.

एकेकाला लिहायला घेतलं. तुम्ही अमुक साली पाठवलेल्या वनस्पतीचं मी सांगितलेलं नाव चुकीचं असू शकतं, तुमच्याकडे नमुना असेल तर पाठवा, नसेल तर मीच तिथे येऊन पाहतो. चौदा पत्रं झाली, बरीच बाकी आहेत. त्यातला एक पत्ता आता बंद झालाय, तिथून मेल परत आली.

पहिलं उत्तर काल आलं, देवरुखकडच्या एका निवृत्त शिक्षिकेचं. त्यांनी लिहिलंय: "सर, तुमचं उत्तर आल्यावर मी तो कागद टाकून दिला होता. ती जागाही आता राहिली नाही, रस्ता रुंद झाला. पण तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? तुम्ही सांगितलंत ते बरोबरच असेल."